भरवायला कोण होतं? ऊसतोड घरातल्या १४ महिन्यांच्या मुलीचं प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातलं एक गाव, तिथलं ऊसतोडीला जाणारं एक घर आणि त्या घरातली १४ महिन्यांची मुलगी, एवढंच हे प्रकरण. गावाचं आणि घरच्यांचं नाव मुद्दाम देत नाही. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार, कुठल्याही तालुक्यात गेलात तरी अशी घरं भेटतात. मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका आहे, टोळ्या गावाकडं परतल्या की आलेल्या प्रत्येक लेकराचं वजन, उंची, दंडघेर घ्यायचा हे आमचं एप्रिल-मेचं ठरलेलं काम, त्याच कामात ही मुलगी समोर आली.

वजन ५.९ किलो, लांबी ६९ सेंटिमीटर, दंडाचा घेर ११.१ सेंटिमीटर. दंडघेर साडेअकराच्या खाली गेला की लेकरू सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १४ महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ९.४ किलो आहे, म्हणजे ही साडेतीन किलोनं मागं. पायावर सूज नव्हती. पण ढाळ चालू होते आणि खायला दिलेलं तोंडातून बाहेर काढत होती, आणि सॅमच्या लेकराला भूक नसणं ही सगळ्यात वाईट खूण असते. भूक असेल तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात ठेवून सुधारता येतं, भूक मेली असेल तर दवाखान्यातच न्यावं लागतं.

रजिस्टर मागं उलटून पाहिलं. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा ही ८ महिन्यांची होती आणि वजन होतं ६.४. वाढीच्या तक्त्यात वयाच्या मानानं वजन ठीक असेल तर हिरवा पट्टा, कमी तर पिवळा, फारच कमी तर लाल. ही हिरव्या पट्ट्याच्या अगदी काठावर, पण हिरव्यात. जन्माचं वजन २.२ किलो, म्हणजे सुरुवातच कमी वजनाची, तरी आठ महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधावर आणि घरच्या खाण्यावर बरी ओढत आणली होती तिच्या आईनं. पुढच्या सहा महिन्यांत दीडेक किलो वाढायला पाहिजे होतं तिथं अर्धा किलो घटलं. म्हणजे जे काही झालं ते त्या सहा महिन्यांत, कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत झालं.

आता अशी केस निघाली की लगेच जे बोललं जातं तेच इथंही बोललं गेलं, आईचं लक्ष नाही, या बायकांना काही कळत नाही, पोराच्या हातात बिस्कीटचा पुडा दिला की झालं. हे मी गावात ऐकलंय, मीटिंगमध्ये ऐकलंय, शिकलेल्या माणसांकडून तर जास्तच ऐकलंय. म्हणून मी त्या आईला पहिल्यांदा हेच विचारलं की सहा महिन्यांनंतर लेकराला काय काय द्यायचं असतं, तर ती बाई न अडखळता सांगत गेली, भाकरी कुस्करून डाळीत, मऊ भात, अंडं, केळं, शेंगदाण्याचं कूट, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. मोठ्या दोघांना तिनं तसंच वाढवलेलं. कळत नाही हा मुद्दा तिथंच निकालात निघाला.

घर असं आहे. आई २३ वर्षांची, लग्न पंधराव्या वर्षी झालं. बीडमध्ये हे नवीन नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये शंभरातल्या चाळीसपेक्षा जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, आणि त्यामागं ऊसतोडीचा हिशोब आहेच, कारण मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, जोडी बघून उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्यामुळं पोरगा कामाला लागला की त्याचं लग्न उरकायची घाई असते. या बाईला पहिली मुलगी सोळाव्या वर्षी झाली, ती आता ७ वर्षांची. मधला मुलगा ४ वर्षांचा. मग ही धाकटी. बाईचं स्वतःचं वजन ३८ किलो. नवरा २७ चा, दोन एकर कोरडवाहू, सासू आहे, सासरे नाहीत. नणंदेच्या लग्नात आणि एका बोअरमध्ये पैसे गेले, त्यासाठी लाखाची उचल घेतलेली.

या लाखाचा हिशोब मांडून बघितल्याशिवाय पुढचं कळत नाही. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला, म्हणजे त्या दरानं एक लाख फेडायला २७३ टन ऊस तोडून भरावा लागतो. जोडी दिवसाला दोन टनाच्या आसपास काढते. म्हणजे १३७ दिवस, एकही खाडा न करता, आणि दर आठवड्याची खर्ची त्याच हिशोबातून उचलायची असते ती वेगळीच. खाडा केला की वरून दंड कापतात. आता या हिशोबात "लेकरू आजारी आहे, आज घरी थांबते" या वाक्याला जागा कुठं आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

घरातून तिकडं कोण गेलं आणि गावात कोण राहिलं हे फार महत्त्वाचं निघालं. चार वर्षांचा मुलगा सासूकडं गावात राहिला. धाकटी अंगावर पिते म्हणून ती आईबरोबर जाणारच होती. आणि सात वर्षांची थोरली, जी दुसरीत होती, ती शाळा सोडून टोळीबरोबर गेली, कारण धाकटीला धरायला कुणीतरी पाहिजे. सासूबाईंना मी विचारलं की मावशी, तिघांनाही ठेवून घेता आलं नसतं का, तर त्या म्हणल्या, "दूध पितं लेकरू आईपासून तोडून कसं ठिवावं, अन् थोरली न्हाई गेली तर तिकडं बघणार कोण?" बरोबरच होतं त्यांचं. पण नातवाला आजी आणि गावची अंगणवाडी मिळाली, गरम ताजा आहार मिळाला, त्याचं वजन एप्रिलमध्ये हिरव्यात. एकाच आईबापाची लेकरं, एक हिरव्यात आणि एक लाल पट्ट्यात खाली. मला वाटत नाही की सासूबाईंनी ठरवून मुलींना कमी लेखलं, पण सात वर्षांचा मुलगा असता तर त्याला बहिणीला सांभाळायला शाळेतून काढला असता का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

कोपीवरचा दिवस मी आईकडून, मग नवऱ्याकडून, मग थोरलीकडून असा तिघांकडून ऐकला. पहाटे तीनला उठायचं, पाणी आणायचं, दिवसभराच्या भाकरी थापायच्या, एक कालवण, तेही मोठ्यांच्या चवीचं तिखटजाळ, कारण वेगळं मऊ काही शिजवायला ना वेळ ना दुसरी चूल. पाचच्या आत फडात. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढून ट्रॉलीत भरायचं. चार-पाचला परत, आणि कधी रात्री गाडी भरायला बोलावलं की परत जायचं.

सुरुवातीचा महिना-दीड महिना धाकटीला फडातच घेऊन जायची, बांधावर फडकं टाकून त्यावर निजवायची, मधेच दोनदा येऊन पाजायची. मग नवव्या-दहाव्या महिन्यात ती रांगायला लागली. फडात ट्रॅक्टर मागं-पुढं होत असतात, उसाच्या पाचटात बारकं लेकरू दिसत नाही, असे अपघात झालेले या लोकांनी बघितलेत. म्हणून तिला कोपीवर थोरलीजवळ ठेवायला लागली. इथंच सगळं फिरलं असं मला वाटतं. आईनं लेकराचा जीव वाचावा म्हणून घेतलेला, अगदी शहाणपणाचा निर्णय, आणि त्यानंच दिवसाचं दूध तुटलं. बारा बारा तास लेकरू अंगावर लागलं नाही की दूध कमी होतच जातं, दूध येतं ते पिण्यावर, पिणंच कमी झालं तर शरीर बनवायचं थांबवतं. महिनाभरात आई म्हणायला लागली दूध आटलं. मग रात्रीचंही सुटलं.

आता दिवसभर लेकराजवळ कोण, तर सात वर्षांची बहीण. तिच्याजवळ भाकरी आणि वाटीभर कालवण ठेवलेलं असायचं, शिवाय पाच-दहा रुपये. मी त्या पोरीशी बोलले तेव्हा ती इतकं नीट सांगत होती सगळं, धुणं मी धुवायची, पाणी मी आणायची, हिला कडेवर घेऊन. भरवायचीस का गं, विचारलं तर म्हणाली, "रडली की बिस्कीट द्यायची चहात बुडवून. तिखट खाईना." म्हणजे बघा, त्या पोरीनं स्वतःच्या वयाच्या मानानं जे जमेल ते सगळं केलं. कालवण तिखट म्हणून लेकरू खात नाही, चहा-बिस्कीट खातं, मग तेच. चहानं पोट भरल्यासारखं होतं, अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, बिस्किटात मैदा-साखर सोडून फार काही नाही. शिवाय सहा किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळेला पावणेदोनशे-दोनशे मिली एवढंच मावतं. त्यात चहा किंवा वरणाचं नुसतं पाणी गेलं की पोट भरलं, ताकद शून्य.

आणि "रडली की द्यायची" यात जी गोष्ट दडलीय ती या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची आहे. उपाशी लेकरू रडतं हे सुरुवातीचं खरं. पण उपासमार लांबली की लेकरू रडायचं थांबतं. शरीर ताकद वाचवायला लागतं, खेळ थांबतो, रांगणं थांबतं, रडणं थांबतं, भूकही मरते. जानेवारीत या मुलीला ढाळ लागले, दात येतायत म्हणून लागलेत असं सगळ्यांनी धरलं, त्यात खाणं अजून कमी केलं की पोटाला आराम मिळेल. कोपीजवळ पिण्याचं पाणी कॅनॉलचं, संडास नाही, सगळ्या कोप्यांची लेकरं त्याच मातीत. ओआरएस नाही, झिंकच्या गोळ्या नाहीत. ढाळ थांबायचे, परत लागायचे. आणि आई म्हणते फेब्रुवारीपासून ती शांत झाली. तिचे शब्द असेच्या असे लिहिते, "मॅडम, लई गुणाची झाली हुती, रडायचीच न्हाई, मला वाटलं आता समजूत आली."

थकून आलेल्या बाईला शांत लेकरू म्हणजे दिलासाच वाटणार, यात तिचा काय दोष. आणि सात वर्षांच्या पोरीला तर कुणी सांगितलंच नव्हतं की रडलं नाही तरी भरवायचं असतं. लेकरू जितकं मागत नाही तितकं त्याला कमी मिळतं, आणि जितकं कमी मिळतं तितकं ते मागेनासं होतं. मोठं माणूस जवळ असतं तर ते घड्याळ बघून नाही पण सवयीनं तरी दोन-दोन तासांनी घास पुढं करतंच, लेकरानं तोंड फिरवलं तर चिऊ-काऊ करतं, थोडं थांबून परत देतं. हे काम आहे. त्याला वेळ लागतो, एका वाटीला अर्धा तास सहज. दिवसातून पाच वेळा म्हणजे अडीच तास झाले. या घरात ते अडीच तास कुणाजवळच नव्हते.

हे माझं नुसतं म्हणणं नाही असं मी म्हणू शकते ते त्याच टोळीतल्या दुसऱ्या जोडीमुळं. तेच गाव, तीच उचल जवळपास, त्याच कोप्या, तेच कॅनॉलचं पाणी, तीच भाकरी आणि डाळ. त्यांचा १६ महिन्यांचा मुलगा परत आला तो बारीक होता, पिवळ्या पट्ट्यात होता, पण खेळता होता, भूक होती, दंडघेर साडेबाराच्या वर. फरक एकच सापडला, त्यांच्याबरोबर त्या मुलाची आजी गेली होती. आजी सकाळी डाळ शिजली की मिरची घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढून ठेवायची, दिवसभर त्यात भाकरी कुस्करून चमचाभर तेल घालून चारायची. ढाळ लागले तेव्हा मीठ-साखरेचं पाणी पाजलं. चालत जाऊन शेजारच्या गावातल्या अंगणवाडीत नाव सांगून आली आणि खाऊची पाकिटं घेऊन आली. पैसा तेवढाच, शिक्षण तर आजीचं शून्य. एक रिकामा माणूस होता.

कुपोषणाची कारणं मांडताना युनिसेफनं १९९० सालीच तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, घरातलं अन्न, आजारपण-स्वच्छता-दवाखाना, आणि लेकराची देखभाल. आपल्याकडं अन्नासाठी पाकीट आहे, आजारासाठी लस आणि गोळी आहे, आणि देखभालीचा विषय आला की समुपदेशन. म्हणजे आईला समोर बसवून सांगायचं की बाई, पाच वेळा भरव. अहो पण ती फडात आहे. १९७५ पासून एकात्मिक बाल विकास योजना चालू आहे आणि तीन वर्षांच्या आतल्या लेकराला दिवसा सांभाळायची सोय त्यात आजही कमीच आहे, घरपोच आहार द्यायचा आणि घरी कुणीतरी आहे असं धरून चालायचं. महाराष्ट्र काही गरीब राज्य नाही, तरी त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पाच वर्षांखालची २५.६ टक्के लेकरं उंचीच्या मानानं लुकडी निघाली, देशाचा आकडा १९.३ होता. सहा ते तेवीस महिन्यांच्या लेकरांत पुरेसा आहार मिळणारी तर देशभरात शंभरात ११ च्या आसपास. एवढे सगळे आईबाप अडाणी किंवा बेफिकीर असतील हे मला पटत नाही.

लसीचंही सांगते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, त्याच्याबरोबर जीवनसत्त्व अ चा डोस. ही मुलगी आठव्या महिन्यात गाव सोडून गेली. दोन्ही राहिलं. स्थलांतर करून गेलेल्या लेकराला तिथल्या अंगणवाडीत आणि उपकेंद्रात सगळं मिळालं पाहिजे असा नियम आहे, पण कोप्या गावाच्या बाहेर, आणि सात वर्षांची पोरगी बारक्या बहिणीला घेऊन लसीला जाणार आहे का? नियम ज्यानं केला त्यानं लेकराबरोबर मोठं माणूस असणार असं धरलं होतं.

मग काय केलं ते सांगते. भूक नाही आणि ढाळ आहेत म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचं ठरलं, साधारण १४ दिवस राहावं लागतं. आईनं पहिल्या दिवशी साफ नाही म्हटलं. मला राग आला नाही, कारण तिची अडचण दिसत होती, घरी दोन लेकरं, सासूच्या गुडघ्याचं दुखणं, शेळ्या, आणि खरिपाच्या आधी दुसऱ्याच्या रानात मिळणारी मजुरी बुडणार. आईला बुडीत मजुरी मिळते, जेवण मिळतं, हे सांगितलं तरी ती बधेना. मग आशाताई आणि मी संध्याकाळी नवरा घरी असताना गेलो, आणि बोललो ते नवऱ्याशी. तोपर्यंत या मुलीच्या खाण्याबद्दल त्या माणसाशी एकदाही कुणी बोललं नव्हतं, म्हणजे कुणीच नाही. तो म्हणाला, "मला कुणी सांगितलंच न्हाई की एवढं हाय, हीच म्हणायची बारीक हाय म्हणून." शेळ्या आणि पोरं तो बघेल असं त्यानं स्वतः सांगितलं, चुलत जावेनं दुपारचं जेवण बघायचं कबूल केलं, तेव्हा कुठं बाई बॅग भरून निघाली.

केंद्रात पहिले दोन-तीन दिवस थोडं थोडं विशेष दूध, रात्रीही दर दोन तासांनी, कारण अशा लेकराला एकदम भरपूर दिलं तर शरीर ते झेपवत नाही, जीवावर बेतू शकतं, शिवाय अंग थंड पडणं आणि साखर उतरणं याची भीती असते. घरच्यांना वाटतं लेकरू दवाखान्यात आणलं तरी उपाशी ठेवतायत, म्हणून हे समजावून सांगावं लागतं. मग भूक परत आली. भूक परत आली त्या दिवशी ती रडली, जोरात, आणि आई घाबरली की काय झालं. नर्सबाईंनी तिला सांगितलं की हे चांगलं झालंय. दोन आठवड्यांनी ६.४ किलोवर घरी आली, म्हणजे दिवाळीला निघाली होती तेवढ्यावर.

घरी आल्यावर खरं काम होतं. तक्ते आणि पोस्टर मी फार वापरले नाहीत. घरातल्या चौघांना एकत्र बसवलं आणि दिवसातल्या कुठल्या वेळेला कोण भरवणार हे ठरवलं. सकाळी आई, दहा वाजता सासूबाई, दुपारी परत सासूबाई, दिवेलागणीला नवरा. दिवेलागणीची वेळ नवऱ्याला मिळाली कारण तेव्हा बायको चुलीपुढं असते आणि तो रिकामा असतो, साधी गोष्ट, पण बापानं लेकराला घास भरवायचा हे त्या गल्लीत कुणी बघितलेलं नव्हतं आणि पहिले काही दिवस बायका हसायच्या. तो चिकाटीनं करत राहिला. मुलीला वेगळी वाटी घेतली, कारण सगळ्यांच्या ताटातून दोन दोन घास खाल्ले की खूप खाल्लं असं वाटतं आणि प्रत्यक्षात किती गेलं ते कळत नाही. वाटीत भाकरी, मिरचीआधी काढलेली डाळ, चमचाभर तेल, शेंगदाण्याचं बारीक कूट. शेळीचं दूध विकायचं थोडं कमी केलं, उकळून तिला दिलं. अंगणवाडीतून आहार चालू झाला, लस झाली. थोरली परत शाळेत बसली, मागं पडलीये, अक्षरं विसरलीये, तिचं नुकसान कुठल्या तक्त्यात येत नाही.

ऑक्टोबरमध्ये धाकटी २० महिन्यांची होत आली तेव्हा वजन ८.१ आणि लांबी ७४.५. लांबीच्या मानानं वजन आता बरं आहे, सॅममधून आणि मॅममधूनही, म्हणजे मध्यम कुपोषणातूनही बाहेर. पण लांबी वयाच्या मानानं कमीच, या वयाला ८२-८३ सेंटिमीटर मधली धरतात. वजन काही महिन्यांत भरून येतं, उंची तशी येत नाही, आणि दोन वर्षांच्या आतला वेळ तर संपत आलाय. चालायला लागली, पण उशिरा.

आणि परत दिवाळी आली, परत उचल. गेल्या हंगामाचं काही अंगावर राहिलंच होतं. मी आईला जाऊ नको म्हणू शकत नव्हते, ती थांबली तर अर्धा कोयता आणि मग कर्ज दुप्पट लांबणार. यावर खरा उपाय फडावर किंवा कोप्यांजवळ पाळणाघर हाच आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर असलं पाहिजे असं मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनं आलं, पण ऊसतोड कामगार मुकादमाचा माणूस धरला जातो, कारखान्याचा नाही, त्यामुळं मालक कोण हाच प्रश्न सुटत नाही आणि पाळणा कुणी बांधायचा हाही नाही. पन्नास कोप्यांमागं दोन बाया पगारावर ठेवल्या, एक गॅस, एक पाण्याची टाकी दिली तरी किती लेकरं वाचतील. केंद्राची पाळणा योजना आहे, ती कोप्यांपर्यंत नेता येईल, हंगामापुरती का होईना. हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणते आणि म्हणत राहणार.

या घरानं मात्र वाट बघितली नाही. दुसऱ्या जोडीची आजी काय करते ते सासूबाईंनी स्वतः त्या घरी जाऊन बघितलं, आणि एक दिवस म्हणाल्या की मी जाते यांच्याबरोबर. नातू आणि थोरली गावात राहिली, थोरलीचं जेवण हंगामी वसतिगृहाच्या सोयीतून, रात्री दोघं चुलत जावेकडं. शेळ्या दोन विकल्या. निघताना मी लसीचं कार्ड, ओआरएसची पाकिटं, झिंक आणि अंगणवाडीतल्या नोंदीचा कागद एका पिशवीत घालून सासूबाईंकडं दिला, आईकडं नाही. तिकडच्या अंगणवाडी ताईंचा फोन नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्ये घातला.

जानेवारीत तिकडं वजन झालं, ८.८ किलो. अजून पिवळ्यात आहे, पण खाली गेलेलं नाही. एकदा ढाळ लागले होते, तेव्हा खाणं चालू ठेवलं आणि झिंक पूर्ण १४ दिवस दिलं असं सासूबाईंनी फोनवर मला सांगितलं, आणि पाठोपाठ गुडघ्याचंही सांगितलं, बसायला-उठायला फार त्रास होतो म्हणे, औषध काय घेऊ. फेब्रुवारीत फड बदलणार आहे. नवीन जागेपासून अंगणवाडी किती लांब आहे ते मुकादमाला विचारून कळवा असं मी नवऱ्याला सांगितलंय, उत्तर अजून आलेलं नाही.